दाराची फळी

मला आयुष्यात पहिलं जे वाचता आलं ते मराठी नव्हतं, उर्दूही नव्हतं. इटालियन होतं. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग म्हातारीचं डोकं फिरलं की काय म्हणून माझ्याकडे नीट बघतो. माझी सूनसुद्धा पाहुण्यांसमोर हा विषय निघाला की चहा टाकायला उठते. तेरणेच्या काठचा एक महारवाडा, वर निजामाचं राज्य, आणि तिथली शेंबडी पोरं इटलीची भाषा वाचतात, यात हसण्यासारखं आहेच. पण ज्या माणसानं ती शिकवली त्याला हसलात तर मी खपवून घेणार नाही. ते काम आमच्या वाड्यानं तेव्हाच पोटभर करून ठेवलंय.

आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. ते आमच्याच वाड्यातले, आमच्या शेजारचे. बाप लहानपणीच गेलेला, घरात एकटी आई. तिला सगळा वाडा आज्जी म्हणायचा. जगात मोठी लढाई लागली तेव्हा मास्तर तरणे होते. इंग्रजांच्या पलटणीत भरती चालू आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून मोगलाईची, म्हणजे निजामाची, हद्द ओलांडून ते सोलापूरला गेले आणि खेचरांच्या तुकडीत लागले. पलटण आफ्रिकेला गेली आणि तिथल्या वाळूत इंग्रजांची लढाई फसली. खेचरं मेली, माणसं कैद झाली. कैद्यांना बोटीत घालून इटलीला नेलं. इकडं आज्जीला एवढंच कळलं की पोरगा सापडत नाही. तिला येडशीच्या स्टेशनावर जाऊन बसायचा नाद लागला. गाडी आली की उतरणाऱ्यांची तोंडं बघायची आणि रिकामी परत यायची. लोक तिला खुळी म्हणायला लागले. आमच्याकडे कुणाला काही नाव द्यायचं झालं की वेळ लागत नाही.

मास्तर तिकडं तुरुंगात होते, आणि एक दिवस इटलीनंच हात टेकले. पहारेकरी पळाले, दारं उघडी पडली, कैदी जिकडं वाट फुटेल तिकडं चालू लागले. जर्मन शिपाई त्यांना हुडकत होते. मास्तर डोंगरातल्या एका शेतकऱ्याच्या घरापाशी पोचले. पुढची गोष्ट आम्ही त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की मला आजही ती त्यांच्याच आवाजात ऐकू येते. संध्याकाळ होती, भूक लागली होती. घरातली माणसं जेवायला बसत होती. मास्तर आपले सवयीनं गोठ्याच्या दाराशी उकिडवे बसले आणि डबा पुढं धरला, वरून काही टाकतील म्हणून. घरातली म्हातारी बाहेर आली. तिनं डब्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि ती संतापली. काहीतरी बोलत तिनं त्यांचं मनगट धरलं आणि ओढत आत नेलं. आत एक मोठी लाकडी फळी मांडली होती. तिच्यावर मक्याच्या घट्ट शिजवलेल्या कण्या ओतल्या होत्या, ताटं नाहीत, वाट्या नाहीत. घरातले सगळे आपापल्या बाजूनं खात खात मधे येत होते. म्हातारीनं आपल्या नातीला सरकवलं, मधे जागा केली आणि म्हणाली, "व्येनी. सियेदिती. मान्जा." ये, बस, खा.

"त्या दिशी म्या माणूस झालो," मास्तर म्हणायचे.

मग दोन हिवाळे त्यांनी त्या घरात काढले. बैल हाकले, द्राक्षं तोडली, शिपाई आले की गवताच्या माळ्यावर लपून राहिले. त्या घराचा मुलगा लढाईत मेला होता. मास्तर त्याच्या जागी झोपायचे. भाषा ते तिथंच, चुलीपाशी आणि गोठ्यात शिकले. त्यामुळे त्यांच्या इटालियनमध्ये भाकरी, पाणी, वैरण, पाऊस, ये, बस, झोप, रडू नको हे सगळं होतं. साहेबी बोलणं त्यात एका शब्दाचंही नव्हतं.

लढाई संपली त्या साली ते परत आले. आज्जी त्या दिवशी स्टेशनावर गेली नव्हती. पत्र्याची पेटी, खाकी गरम कोट आणि एक पुस्तक, एवढं त्यांच्याबरोबर आलं. पुस्तक त्या घरातल्या नातीचं होतं, पहिलीचं, चित्रांचं. निघताना तिनं ते त्यांच्या हातात दिलं होतं.

आता मास्तरांची चूक सांगते, कारण सगळं त्यातनंच झालं. त्यांना वाटलं, त्या घरातल्या माणसांनी आपल्याला शेजारी बसवलं ते या पुस्तकामुळं. तिथली सगळी लेकरं लहानपणी हे पुस्तक शिकतात, म्हणून तिथला माणूस माणसाला गोठ्यापाशी बसवत नाही. आपल्याकडं असलं पुस्तक नाही, म्हणून आपण असे. इतकं सोपं गणित होतं त्यांचं. त्यात काय होतं ते मी पुढं पुष्कळदा पाहिलं. मधमाशी होती, बदक होतं, घंटा होती, रांगेत उभी राहून हात वर केलेली पोरं होती. एका पानावर मोठ्या हनुवटीचा एक टकलू होता. ते पान आलं की मास्तर झटक्यात उलटायचे. "ह्यो त्यांचा पाटील. ह्याच्यापायी त्या बाईचा लेक मेला," एवढंच म्हणायचे. कुणाला शेजारी बसवावं असं त्या पुस्तकात कुठंही लिहिलेलं नव्हतं. ती म्हातारी निरक्षर होती, हेही मास्तरांनीच आम्हाला सांगितलं होतं. तरी त्यांचा पुस्तकावरचा विश्वास हलला नाही. माणसाला चांगुलपणा दिसला की त्याचं कारण हवं असतं, आणि त्यांना हातात धरता येईल असं कारण सापडलं होतं.

गावात शाळा होती. आमच्या वाड्यातली पोरं तिथं पायरीवर बसायची, पाऊस आला की घरी यायची, आणि काही दिवसांनी येईनाशी व्हायची. मास्तर कोट घालून हेडमास्तरांना भेटायला गेले आणि म्हणाले, आमची पोरं आत पट्टीवर बसवा. हेडमास्तर वाईट माणूस नव्हता, असं माझा बाप सांगायचा. त्यांनी समजुतीनं सांगितलं की वरच्या गावाला चालणार नाही, शाळाखात्याचे मोहतमीम साहेब तपासणीला आले की त्यांनाही चालणार नाही, पायरी आहे तर पायरीवर बसावं. मास्तर घरी आले, कोट खुंटीला लावला आणि दारापाशी गेले. आज्जीच्या घराला एकच दार होतं आणि त्या दाराला एकच रुंद, जाड फळी होती. ती त्यांनी बिजागरीसकट काढली. आज्जी ओरडली. ते म्हणाले, "माय, आपल्या घरात चोरानं न्यावं असं काय हाय?" दाराला त्यांनी गोणपाट लावलं. फळीच्या एका अंगाला काजळी आणि बाभळीचा डिंक फासून ती काळी केली. दुसरं अंग घासून घासून लख्ख केलं. काळ्या अंगावर खडूनं अक्षरं आणि पांढऱ्या अंगावर बाजाराच्या दिवशी ज्वारीच्या कण्या. लिंबाखाली आमची शाळा अशी सुरू झाली.

देवनागरी त्यांना येत नव्हती, उर्दूही पलटणीत शिकवतात तशी, इंग्रजी अक्षरांतली. शिकवायला हाताशी होतं ते हे पुस्तक. पहिल्याच पानावर द्राक्षाचा घोस होता आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, 'उवा'. द्राक्षाला त्यांच्याकडं उवा म्हणतात. आम्ही द्राक्ष कधी पाहिलेलं नव्हतं, उवा मात्र घरोघर होत्या. पोरं गडबडा लोळली. मास्तरही हसले, आणि हसता हसता म्हणाले, तिकडं त्या लई गोड लागतात. आता आमच्या भागात जिकडं तिकडं द्राक्षाच्या बागा झाल्यात. मी बाजारात घोस बघते तेव्हा माझ्या तोंडात आधी तोच शब्द येतो.

त्यांच्यासारखं शिकवणारं मला पुढं कुणी भेटलं नाही, आणि मी स्वतः मास्तरीण होते तरी मला तसं जमलं नाही. ते कधी मारायचे नाहीत. आमची नाकं पलटणीच्या टॉवेलनं पुसायचे. आम्हाला 'तुमी' म्हणायचे. आमच्या वाड्यात पोराला 'तुमी' म्हणणारं माणूस कुणी पाहिलं नव्हतं. आम्हाला 'ए' आणि 'अगं' एवढंच माहीत, वरच्या गावात तर त्याहून वाईट. आम्ही लिंबाखाली आलो की ते एकेकाला म्हणायचे, "व्येनी. सियेदिती." आणि आपण आधी उभे राहायचे. कुणीतरी आपल्यासाठी उभं राहतं याची मला इतकी गोडी लागली होती की मी मुद्दाम पाणी प्यायला घरी जायची आणि परत यायची, पुन्हा ऐकायला.

वाड्याला हे सगळं गमतीचं वाटायचं. बाया म्हणायच्या, पलटणीनं डोकं फिरवलंय, पण पोरं दुपारभर गुंतून राहतात, राहू द्या. बाजाराच्या दिवशी पोटात कण्या जातात, त्याही चांगल्याच. वाड्यात तालुक्याहून कधी कधी कार्यकर्ते यायचे, सगळी माणसं सारखी असं सांगायचे, आणि आमची माणसं टाळ्या वाजवायची. माझा बाप तर सगळ्यांत जोरात.

मग मास्तरांनी मांगवाड्यातली पोरगी शाळेत आणली.

ती माझ्याच वयाची. तिचा बाप दोर वळायचा आणि लग्नाकार्यात हलगी वाजवायचा. मांगवाडा आमच्या वाड्याच्या पलीकडं, ओढ्याच्या अंगाला. गावाबाहेर आम्ही, आणि आमच्याबाहेर ते. आम्ही त्यांच्या हातचं खात नव्हतो, आमच्या आडावर त्यांना पाणी भरू देत नव्हतो. उतरंडीतल्या मडक्याला वरच्याचा भार तेवढा कळतो, आपण कुणाच्या डोक्यावर बसलोय ते त्याला दिसत नाही. वरच्या गावानं आम्हाला जे जे केलं, ते सगळं आम्ही नीट शिकून घेतलं होतं आणि ओढ्याच्या अंगाला वापरत होतो. त्याला शाळा लागली नाही.

पोरगी हुशार होती. मी वर्षभरात जेवढं शिकले तेवढं तिनं एका पावसाळ्यात उरकलं. पोरं लिंबाखाली तिच्यापासून हातभर लांब बसायची, पण बसायची. अक्षरांना विटाळ नाही असं बायांनी आपसात ठरवलं. अडलं ते बाजाराच्या दिवशी. मास्तरांनी फळी उलटी केली, आज्जीनं कण्या ओतल्या, आणि मास्तरांनी तिलाही बसवलं. माझ्या आईनं मला दंडाला धरून उठवलं. बाकीच्या आयांनीही आपापली पोरं उचलली. मास्तरांच्या समोर ती एकटी पोरगी राहिली, आणि फळीवर कण्यांचा ढीग. आज्जी चुलीपाशीच बसून होती. तीही फळीपाशी कधी बसली नाही, पण मुलासाठी कण्या शिजवायचं तिनं थांबवलं नाही.

बाया मास्तरांना म्हणाल्या, शिकवा तिला, पण खायला येगळं घाला. मास्तर म्हणाले, "खाणं हाच तर धडा हाय. अक्षरं नुसती वळणं हायती."

त्यानंतर काही घरांनी पोरं पाठवायची बंद केली. माझ्या आईनं मधला मार्ग काढला. शाळेला जायचं, बाजाराच्या दिवशी जायचं नाही, आणि घरात शिरायच्या आधी पाय धुवायचे. मी पाय धुवायची आणि बाजाराच्या दिवशी मागच्या बाजूनं पळून जाऊन त्या पोरीशेजारी बसून खायची. आम्ही दोघी समोरासमोरून खात मधे यायचो आणि मधे आलो की शेवटचा घास कुणाचा यावरून भांडायचो, तेही इटालियनमधे. मास्तर कोटाच्या खिशात हात घालून बघत राहायचे. त्यांचा चेहरा त्या वेळी जसा असायचा तसा मला कुठल्याही देवाच्या मूर्तीचा दिसला नाही.

मग वाईट वर्ष आलं. रस्त्यानं रझाकारांच्या टोळ्या फिरायच्या, वरच्या गावातली घरं बैलगाड्या भरून हद्दीपलीकडं बार्शीला गेली. आम्हाला कुणी गाडीत घेतलं नाही, आम्ही तिथंच राहिलो. शाळा घरात भरायला लागली, गोणपाटाच्या आड. नंतर फौजा आल्या, मोगलाई गेली, कचेरीवरचं निशाण बदललं. आम्हाला वाटलं आता सगळं बदलणार. थोडं बदललंही. शाळेच्या पायरीवरून आमची पोरं आत जाणार असं ठरलं, आणि ते साजरं करायला नवीन अधिकाऱ्यांनी शाळेच्या अंगणात सहभोजन ठेवलं. सगळ्या जातींनी एकत्र बसून खायचं.

मास्तरांनी ती बातमी ऐकली आणि ते दिवसभर फळी घासत बसले. मला म्हणाले, आता तुमी बघा. पुस्तक इथपत्तुर आलं.

त्या दिवशी ते फळी डोक्यावर घेऊन शाळेत गेले. त्यांच्या मागं आम्ही पोरं, आमची वडीलधारी माणसं, आणि जरा अंतरानं मांगवाड्यातले लोक. वरच्या गावातली माणसं आधीच सतरंजीवर बसली होती. त्यांच्यासमोर कागदावर चिवडा, शेंगदाणे आणि गूळ. कोरड्या खाण्याला विटाळ लागत नाही, ही युक्ती त्यांनी काढली होती. अधिकारी खूश होते. त्यांनी आमच्या माणसांना त्याच सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. माझ्या बापाची छाती फुगली होती. त्याच्या आयुष्यात तो पहिल्यांदा त्या अंगणात बसत होता, आणि मी ते कमी लेखत नाही.

मास्तरांनी फळी मधोमध, मातीत ठेवली. आज्जीच्या पातेल्यातल्या कण्या तिच्यावर ओतल्या. कडेला उभ्या असलेल्या मांगवाड्यातल्या लोकांकडं वळून त्यांनी त्या पोरीला आणि तिच्या बापाला बोलावलं, बसवलं, आणि मग सतरंजीकडं तोंड करून म्हणाले, "व्येनी. सियेदिती." वरच्या गावाला ते कळलं नाही. आमच्या वाड्यातल्या प्रत्येकाला कळलं. इतकी वर्षं ते ऐकतच होतो आम्ही.

वरच्या गावातलं कुणी उठणार नव्हतं, त्याचं मला काही वाटलं नाही. मी आमच्या माणसांकडं बघत होते. आमचा म्हातारा पंच उठला. मला वाटलं तो जाऊन बसतोय. तो उभ्याउभ्याच बोलला. "मास्तर, वरच्यांशेजारी बसायचं ठरलं होतं. खालच्यांशेजारी न्हाय."

वरच्या गावातली काही माणसं हसली. त्यांचं ओझं आमच्याच माणसानं हलकं केलं होतं. अधिकाऱ्यांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की सगळं एकदम होत नसतं, एकेक पायरी चढावी, आज कार्यक्रमात अडथळा नको. पायरी म्हटल्यावर मास्तरांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते बाजूला झाले. मी उठायला गेले तर बापानं माझं मनगट घट्ट धरलं. मास्तर फळीपाशी बसले आणि त्या दोघांबरोबर जेवले, सावकाश, सगळ्या अंगणासमोर. बाकी सगळे शेंगदाणे खात होते.

त्याच आठवड्यात पंचांनी मास्तरांना वाळीत टाकलं. विस्तव द्यायचा नाही, आडावर येऊ द्यायचं नाही, बोलायचं नाही, पोरं पाठवायची नाहीत. जातीत परत यायचं तर जातीला जेवण घालायचं, ही जुनी रीत. मास्तरांनी निरोप पाठवला की जेवण आनंदानं घालतो, पण मांगवाड्यासकट. पंचांनी ते ऐकूनसुद्धा घेतलं नाही. आणि शाळेचं म्हणाल, तर आमची पोरं आत बसायला लागली होती. मीही बसले. मांगवाड्यातली पोरगी पायरीवर आली. पायरी रिकामी झाली होती ना.

मास्तर पाणी नदीवरून आणायचे. त्या हिवाळ्यात थंडी जबर होती आणि दाराला गोणपाट होतं. गवताच्या माळ्यावर काढलेल्या दिवसांपासून त्यांची छाती धरलेली होतीच, ती आता भरून आली. खोकल्याचा आवाज आमच्या घरात यायचा. माझी आई तो ऐकून तोंडाला पदर लावायची, एकदा रडलीही, पण उठली नाही. त्या पोरीचा बाप धर्माबादेहून की कुठून कसली मुळी घेऊन आला होता, ती उगाळून द्यायला ती पोरगी रोज ओढा ओलांडून यायची. मास्तर तिला पडल्यापडल्या धडे द्यायचे. फळी भिंतीला टेकवलेली असायची, काळं अंग बाहेर.

ते गेले तेव्हा सकाळ होती. खांदा द्यायला कुणी येईना. मांगवाड्यातले चौघं येऊन लांब उभे राहिले, पण त्यांनी हात लावला तर पंच माती होऊ देणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं. उन्हं वर आली. पंच आज्जीकडं आले आणि म्हणाले, पोराच्या नावानं जातीचं जेवण घाल, चूक झाली म्हण, आम्ही उचलतो. आज्जीनं हो म्हणून मान हलवली. मांगवाड्यातल्या पोरीच्या बापानं तिच्याकडं बघितलं तेव्हा ती त्याला म्हणाली, "मढं दारात ठिवून म्या कुणाशी भांडू, बाबा?" त्यानं हात जोडले. मी आज्जीला कधी दोष दिला नाही, आणि कुणी दिला तर त्याच्याशी भांडले.

मग मात्र सगळा वाडा आला. सगळ्यांनी खांदा दिला. माणसं ओक्साबोक्शी रडली. ते रडणं खोटं नव्हतं, हाच माझा राग आहे. आमच्या वाड्याचा त्यांच्यावर जीव होता. फक्त ते जिवंत असताना शेजारी बसवून घ्यायचे, आणि मेलेला माणूस कुणाला शेजारी बसवत नाही.

दिवसाचं जेवण, तेच जातीचं जेवण, मास्तरांच्या पलटणीच्या पैशातनं झालं. मोठी चूल पेटवली होती. मी सरपण आणायला मागं गेले तर एक माणूस कुऱ्हाडीनं फळी फोडत होता. कुणी सांगितलं म्हणून नाही, जाड वाळलेलं लाकूड दिसलं म्हणून. काळ्या अंगाचे तुकडे, खडूची अक्षरं अजून दिसत होती. ते त्यानं चुलीखाली सारले. चांगला जाळ झाला. आज्जी समोरच बसली होती, तिनं बघितलं आणि डोळे मिटले.

मांगवाड्यातलेही आले होते. बोलावलं नव्हतं, पण मास्तरांच्या दिवसाला ते येणार नाहीत असं कसं होईल. त्यांना उकिरड्याच्या अंगाला बसवलं. जातीची पंगत उठली की उरलेलं त्यांना मिळणार होतं. पंगत बसली, पात्रावळी मांडल्या. मी आमच्या ओळीत होते. समोर लांबवर ती पोरगी बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, शेजारची जागा हातानं झाडली, आणि आवाज न चढवता म्हणाली, "व्येनी. सियेदिती."

आमच्या ओळीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी माझी पात्रावळ उचलली, उकिरड्याच्या अंगाला गेले आणि तिच्या शेजारी बसले. तिनं माझी पात्रावळ आपल्या पात्रावळीला चिकटवून ठेवली, मधे फट राहू दिली नाही.

वाढायला माझा बाप होता. बादली आणि पळी घेऊन तो ओळ संपवत आला आणि आमच्यासमोर थांबला. पळी भरलेली होती, त्यातनं वाफ येत होती. सहभोजनाच्या दिवशी फुगलेली ती छाती, तालुक्याच्या माणसांसाठी टाळ्या वाजवणारे ते हात, सगळं माझ्यासमोर होतं. त्या पोरीकडं न बघता तो मला म्हणाला, "ऊठ. आपल्या ओळीत बस, मंग वाढतो."

मी उठले नाही. त्यानं पळी बादलीत परत ओतली आणि तो मागं फिरला.